सकाळी साडेसातचा जावा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या पॉलिटेक्निकात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सोमवारी मी लॅबमध्ये नेहमीपेक्षा लवकर पोचले आणि पहिल्याच मशीनवर जावा आठ दिसला, म्हणजे सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतं त्या जावाची जुनी आवृत्ती. मी सतरा लावला होता. वर्षापूर्वी तिथल्या तीस लिनक्स मशीनांवर नवं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं आणि त्याला सतराच लागतो. दुसरं मशीन पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे आठ! मशीनच्या नोंदींचा लॉग उघडला. कोणीतरी रोज सकाळी साडेसातला, सुट्ट्या सोडून, वर्षभर जावा बदलत होतं.

मला पत्ता कसा लागला नाही? दुपारी माझ्या वर्गाआधी मी एक छोटी स्क्रिप्ट चालवायचे. ती सगळीकडे सतरा लावून टाकायची, खबरदारी म्हणून. त्या खबरदारीचं मला भारी कौतुक होतं.

तिथल्या तिथं प्राचार्यांना पत्र लिहिलं. पासवर्ड फुटलाय, लॅबमध्ये छेडछाड चाललीय, जो कोणी असेल त्याला कामावरून काढावं. 'काढावं'खाली दोनदा रेघ मारली.

बुधवारी प्राचार्यांनी बोलावलं आणि कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. पडद्यावर आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी. झाडू भिंतीला टेकवलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर चाललेल्या. या बाईंना मी कधी माउसला हात लावतानाही पाहिलं नव्हतं. मावशी दारातच उभ्या होत्या. ठेकेदाराकडची नोकरी, उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं, आणि ते सांगायलाच त्यांना बोलावलं होतं.

"मावशी, तुम्ही?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"व्हय मॅडम. तुम्ही नवं बसवलं तवाच आधीचे लॅबवाले साहेब रिटायर व्हताना दाखवून गेले. सकाळची पोरं पार सिल्लोडहून पहिल्या गाडीनं येत्यात. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर तुमच्या नव्यावर उघडतच नाय. पोरं नुसती बसून राहायची. मग वरचा बाण दाबायचा, की कालचीच कमांड येती. एंटर, पासवर्ड, परत एंटर, दोन म्हंजे जुना जावा, एंटर. झालं."

"पासवर्ड कुठून मिळाला?"

"कपाटाच्या दाराला आतून तुम्हीच चिकटवलाय की."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सकाळचे तासिकेवरचे सर भेटले की म्हणायचे, मशीनं झकास चालतात हं मॅडम, आणि मी मान डोलवायचे! ती मशीनं माझ्या हुशारीवर नव्हे, या बाईंच्या बोटांवर चालली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि इथं चोरही मीच.

मी तक्रार मागे घेते म्हणाले. प्राचार्य म्हणाले, "लेखी दिलीत, मागंही लेखीच घ्या."

मी 'गैरसमजातून तक्रार झाली' असं लिहून दिलं. त्यांनी वाचून कागद परत सरकवला. "म्हणजे त्यांनी मशीनला हात लावला, हे खरंच ना? मग मी त्यांना कसं ठेवू?"

तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की दोष माझा आहे, नवं बसवताना सकाळच्या वर्गाची साधी चौकशीही मी केली नाही, आणि लॅब चालू राहिली ती या बाईंमुळे. सही करताना कान तापले होते. प्राचार्यांनी कागद फाईलला लावला आणि मावशींना म्हणाले, "उद्या या नेहमीसारख्या."

मी मावशींना लॅबमध्ये घेऊन गेले. जुनं सॉफ्टवेअर ज्या फाइलमधून सुरू होतं, तिच्यात एक ओळ घातली: तुझा जावा आठ, तो अमुक ठिकाणी आहे. बाकी मशीन खुशाल सतरावर राहू दे. क्लिक केलं आणि सकाळच्या पोरांचं सॉफ्टवेअर बिनतक्रार उघडलं. तीच ओळ माझ्या स्क्रिप्टनं तीसही मशीनांवर घातली; पाच मिनिटंही लागली नाहीत.

"आता रोज तीस मशीनांवर बोटं झिजवायला नकोत, मावशी," मी म्हणाले.

मावशी वाकून पडद्याकडे बघत राहिल्या.

"एवढीच ओळ घालायची व्हती?"

"हो."

"अन् तेवढ्यापायी माझं काम जाणार व्हतं?"