चांगले जंतू

मोजून मोजून मी थकलेय. किती घास, किती प्रोटीन, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. तीन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन करून मी पोटाचा मोठा भाग काढून टाकला. पस्तीस किलो उतरले. लोक म्हणाले, ओळखूच आली नाहीस. गेल्या वर्षी त्यातले नऊ किलो गुपचूप परत आले. आहारतज्ज्ञ बाईंनी उसासा टाकून कॅप्सूलची बाटली लिहून दिली. यात जिवंत जंतू असतात, चांगले, पचन सुधारेल. वजनाचं मात्र वचन देत नाही, म्हणाल्या. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची.

विरारला आमच्या घरी सगळ्यांना ऑपरेशन ठाऊक होतं. माहेरी कळंबला आईला मात्र मी पित्ताचे खडे काढले म्हणून सांगितलं होतं. बाबा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नव्हते. धडधाकट लेकीने आपणहून पोट कापून घेतलं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

दर रविवारी मी तिच्याकडे जाते. तिथल्या फ्रिजमध्ये मांदेलीच्या डब्याशेजारी मी बाटली ठेवत होते, तेव्हा तिने विचारलं, “हे कसलं गं?” घाईत मी म्हटलं, “जंतूंच्या गोळ्या.” झालं! तिने ऐकलं जंत.

“तरीच! मेले जंत खातात म्हनून तू सुकलीस. आधी सांगायचं नाय?”

त्या दिवसापासून ती दोघांचं वाढायला लागली, एक माझं आणि एक जंतांचं. आधी जंत पाडायला वावडिंगाचा काढा, मग तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, वर केळं. खुलासा करायचा तर मुळापासून सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प खात राहिले. चौथ्या घासाला छातीत दाटायचं. मोरीत जाऊन ओकायचं, तोंड धुऊन परत ताटावर. पुढे ओकणंही थांबलं आणि काट्याने आणखी तीन किलो दाखवले. रोज मी इमानेइतबारे कॅप्सूल गिळायचे. कसले चांगले जंतू आणि कसलं काय! आईच्या कालवणापुढे त्यांचा काय टिकाव लागणार?

दोन महिन्यांपूर्वी बाई म्हणाल्या, असंच चाललं तर सगळं वजन परत येईल. त्या रविवारी आईने ताटात तिसरी भाकरी टाकली आणि मी ताट सरकवलं. सांगून टाकलं. जंत नाहीत, खडेही नव्हते, पोटच अर्ध्याहून जास्त काढलंय.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर बाबांचा विषय काढेल. तिने ताटातली तिसरी भाकरी उचलून परत टोपलीत ठेवली.

“म्हनजे मी वाढत होते तेव्हा तुला दुखत होतं?”

मी मान डोलावली.

“आनि त्या पोटात वाईट काय होतं गं? मीच तर भरलं होतं.”



आता ती अर्धी भाकरी आणि वाटीभर कालवण ठेवते आणि दुसरीकडे बघत बसते. आग्रह नाही. चार किलो उतरलेत. बाईंनी त्याचं श्रेय कॅप्सूलला दिलं, मीही हो म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. परवा मी मुद्दाम वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि तिच्यासमोर तशीच धरून बसले. एकदा तरी ‘अजून घे’ म्हणेल म्हणून.

तिने वाटी माझ्या हातातून काढून घेतली. “पुरे ना, बाय?” म्हणाली.