अप्फियाचं नाणं

रोमच्या अमलाखालच्या कारिया मुलखातल्या आमच्या गावात, बाजाराच्या तिसऱ्या खांबापाशी अप्फिया ऑलिव्ह विकायची. नवरा दगडाच्या खाणीत मेला, एकुलती पोरगी डोंगरापलीकडं दिलेली. जिभेला धार अशी, की शेजारचा मासेवाला काटा मारायच्या आधी तिच्याकडं चोरून बघायचा. मी समोरचा तांबट. "मिओन, तुझ्या भात्यापेक्षा तुलाच जास्त धाप लागती. बायको जेवायला घालती का न्हाई?" असं ओरडून ती मूठभर खारवलेली ऑलिव्हं माझ्या ऐरणीवर ठेवून जायची.

त्या वर्षी रोममध्ये दोघा सम्राट भावांतल्या थोरल्यानं गादी एकट्यानं घेतली. धाकटा मेला. कसा, ते कुणी मोठ्यानं विचारलं नाही. हुकूम आला, धाकट्याचं तोंड कुठं दिसता कामा नये. गावच्या मोठ्या नाण्यावर तर दोघे समोरासमोर, डावीकडं दाढीवाला थोरला, उजवीकडं धाकटा. खरवडायचं काम माझ्याकडं आलं.

दोन दिवस रांग तुटली नाही. नाणं ऐरणीवर, छिन्नी उजवीकडं, दोन ठोके, पुढचा. दाढी बघायचं मी कधीच सोडलं होतं.

अप्फियानं कमरेचं फडकं सोडून एकच नाणं काढलं. "पोरीच्या लग्नात मिळालंय. जपून रं."

"तुझ्या जावयाचं तोंड न्हाई खरवडत, मावशे," मी म्हणालो. रांग हसली. हसण्याच्या नादात नाणं मी उलटं, डोकी खाली करून धरलं. उलटं धरल्यावर उजवीकडं थोरला येतो. दोन ठोके मारले आणि तिच्या हातात दिलं. तिची नजर अधू, तिनं तसंच बांधून ठेवलं.

चौथ्या दिवशी जागेची पट्टी भरायला तिनं तेच नाणं काढलं. बाजाराचा अंमलदार लेऑन तिला मनगटाला धरून माझ्या दुकानी घेऊन आला. त्याचेच ओठ पांढरे पडले होते.

"जिवंत सम्राटाचं तोंड कुणी फोडलं?"

"सांग की रं मिओन," अप्फिया म्हणाली. तिला अजून हा सगळा घोटाळाच वाटत होता. "तूच खरवडलंस न्हवं?"

नाणं माझ्या तळहातावर होतं. छिन्नीचा तिरका घाव माझाच. रांगेत हसलेली माणसंही तिथंच उभी होती, आणि सगळी जमिनीकडं बघत होती.

"माझा हात असा चुकत न्हाई," मी म्हणालो. "घरी कुणी केलं असंल."

तिनं रिकामं फडकं परत कमरेला बांधलं. खांबाला बांधून तिला वीस फटके दिले आणि बाजारातून कायमचं काढलं.

मग ती वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याला बसू लागली. तिथं गिऱ्हाईक कुठलं? हिवाळाभर मी त्या वाटेनं गेलो नाही. अखेर एक दिवस गेलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "अप्फिया, ते मीच केलं होतं."

तिनं टोपलीवरची माशी हाकलली. "हे मला सांगायला आलास? मला ठाऊकच हाय. लेऑनला सांग."

लेऑन रोज सकाळी माझ्या दुकानावरून जातो. मी रोज उठून मान लववतो.