शेऱ्याचा रकाना

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा, माझे वडील, मला निरोप द्यायला थांबले नाहीत. मेंढरं रानाकडं निघाली होती आणि ती काही कुणासाठी थांबत नाहीत. चालता चालताच मागं वळून आबा एवढंच म्हणाले, "पोचला की कळव." मी पत्र्याची पेटी उचलून वेरूळच्या रस्त्याला लागलो आणि वाळूजला येऊन एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला राहिलो.

आता कळवायचं कसं? आमच्या घरात वाचता येणारा मी एकटाच, आणि मीच निघून आलेलो. गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर आबांना बोलावून घ्यायचो. बरा हाय का, बरा हाय, एवढ्यात बोलणं संपायचं. मला मात्र खूप सांगायचं असायचं. शाळेपासून मला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. लिहिलं की मोकळं वाटतं, आणि दोन दिवस नाही लिहिलं तर मी उगाच लोकांवर खेकसतो.

तुम्ही गावाकडचे विचारता, कंपनीत राहून हा नाद टिकला कसा. रजिस्टरमुळं टिकला. शिफ्ट सुटताना मशीनची हालत पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायची असते, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. बाकीचे त्यात 'ठीक' लिहून बसकडं पळायचे. मी एका दुपारी लिहिलं, 'मशीन सकाळपासून कण्हतंय. आमची पांढरी मेंढी व्यायच्या आधी अशीच कण्हायची.' दुसऱ्या दिवशी बघतो तर खाली दुसऱ्या शिफ्टच्या सलीमभाईंचं अक्षर: 'तेल डाला. फिर मेंढी का क्या हुआ मियाँ?'

मग काय, मी सांगत सुटलो. सलीमभाई शहरातले, वयानं मोठे. समोरासमोर आम्ही तेलापलीकडं कधी बोललो नाही, कारण ते कामाला लागायचे तेव्हा माझी बस हॉर्न वाजवत असायची. रकान्यात मात्र ते रोज पुढचं विचारायचे. चार महिन्यांत मेंढी व्याली, दोन कोकरं झाली, लांडगाही येऊन गेला.

मग तपासणीला बाहेरचे साहेब आले आणि त्यांनी नेमकं लांडग्याचं पान उघडलं. मी अजून टेंपररी होतो. सुपरवायझरांनी बोलावून घेतलं. नोकरी गेली तर आबांना काय कळवू? सुपरवायझरांनी कपाळाला हात लावला. उद्यापासून रकान्यात फक्त मशीन दिसलं पाहिजे, म्हणाले, नाहीतर तुला मेंढरांकडंच पाठवून देतो. त्या दिवशी मी 'ठीक' लिहिलं. इतकं खोटं मी कधीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली.

"इसमें लिख. मेरेकू आगे का होना."

मी मेंढीपासून पुन्हा सुरुवात केली. वही हत्यारांच्या कपाटात राहायची. सलीमभाई रिटायर होईपर्यंत अशा नऊ वह्या भरल्या. तोवर मी परमनंट झालो होतो, रांजणगावात दोन खोल्या बांधल्या होत्या. माझं इथं बरं चाललं आहे, हे खोटं नाही.

मागच्या वर्षी आबा राहायला आले. फळीवरच्या वह्यांकडं बघून त्यांनी विचारलं, यात काय लिव्हलंय. तुमची मेंढरं, मी म्हणालो. मग वाच की, म्हणाले. मी पहिली वही काढून वाचायला लागलो. पहिल्याच पानावर त्यांनी हात वर केला.

"पांढरी नव्हती ती. डावा कान काळा व्हता तिचा."

मी पेन काढून त्यांच्यासमोर दुरुस्ती केली. इतक्या वर्षांत ती वही कितीदा चाळली असेल, पण तो कान माझ्या ध्यानातून गेला होता. घर कशाला म्हणायचं याचा मी फार विचार केला नव्हता. आता म्हणेन, मेंढीचा एक कान चुकला तर जिथं कुणाला तरी खपत नाही, ते माझं घर. आबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचता येत असल्यासारखं.

"आता बराबर हाय. फुडं वाच."