आईच्या मापाचं औषध

मंडळी, आज दुपारी आईच्या केमोसाठी हॉस्पिटलमध्ये होतो. मागच्या डोसनंतर तिच्या पांढऱ्या पेशी फारच उतरल्या होत्या, तापही आला होता. म्हणून डॉक्टरबाईंनी या वेळी डोस थोडा कमी केला.

बाबा रिटायर्ड सुभेदार. ते खुर्चीतून उठलेच. "कम मत कीजिए, डॉक्टर साहब. ये सह लेंगी."

"सहने की बात नहीं है," डॉक्टर म्हणाल्या. "दवा हर शरीर पर अलग असर करती है. इनका ख़ून बता रहा है कि इनके लिए इतनी काफ़ी है."

बाबांना पटेना. तेव्हा आई हळूच मराठीत म्हणाली, "अहो, फौजेच्या स्टोअरमधून मिळालेली वर्दी तशीच घालत होतात का? मीच उसवून तुमच्या अंगाबरोबर करून द्यायचे ना?"

बाबा परत खुर्चीत बसले. डॉक्टरांना म्हणाले, "ठीक है. इनके नाप का दीजिए."

नोएडाला घरी परतताना आई त्यांच्या खांद्यावर झोपून गेली. आमच्या सगळ्यांचे कपडे तिने मापात बसवले यार, पण तिला स्वतःला किती झेपतं हे आज पहिल्यांदा कुणीतरी पाहिलं.

तुमच्या आईला किती झेपतं, माहितीये तुम्हाला?