तंबूच्या कापडाचं जाकीट

पंचाहत्तर-शहात्तर साल असावं. मी तेव्हा पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत शिंपी होतो. बायको-मुलं उंब्रजला. शाळेच्या मागच्या खोलीत माझं मशीन होतं, आणि तिशीतच पाठीला बाक आला होता.

त्या वर्षी शाळेत कसरतीचे नवे शिक्षक आले. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार, माणदेशाकडचे. पलटणीत ते फेन्सिंग शिकले होते. बोथट, लवचिक तलवारीचा खेळ. शाळेत त्यांना त्याचा क्लब काढायचा होता. एके दिवशी ते तंबूच्या जाड कापडाचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभे.

"मास्तर, असं जाकीट शिवा की टोक आत घुसलं न्हाई पायजे."

दोन थर घेतले, छातीवर तिसरा लावला. तीन सुया मोडल्या. हवालदारांनी जाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"घाला."

"मी?"

"ज्यानं शिवलं त्यानंच घालायचं. आपल्या टाक्यावर भरवसा हाय न्हवं?"

मैदानावर धुकं जमिनीलगत साचलं होतं. सिल्व्हर ओकची झाडं बुंध्याशिवाय नुसती तरंगत होती. हवालदारांनी तारेच्या जाळीचा मुखवटा माझ्या तोंडावर चढवला आणि सगळं जग बारीक चौकटींत विरघळलं. त्यांची पांढरी आकृती जवळ आली. कुणी बोट टेकवावं तसा छातीवर दाब आला, पातं कमानीसारखं वाकलं. टाके टिकले. भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं, इतकी वर्षं मी झोपेतच होतो की काय.

"मला पण शिकवाल?" तोंडातून निघूनच गेलं.

"सकाळी साडेसहाला या. पोरांसंगं उभं ऱ्हायचं, लाजायचं न्हाई."

दोन महिने तलवार हातात आली नाही. नुसते पाय. गुडघे वाकवून पुढं, गुडघे वाकवून मागं. मुलं आधी हसली, मग माझी त्यांना सवय झाली. दिवसभर मशीनवर पाय चालायचे आणि मन त्या पांढऱ्या मैदानावर फिरत राहायचं. सुट्टीत घरी गेलो तर अंगणातही मी पुढं-मागं सरकत होतो.

बायको दारात आली. "आवं, कुणाशी भांडताय?"

"कुणाशीच न्हाई."

"मग चालू द्या," म्हणून ती भाकरी उलटायला आत गेली.

मग तलवार मिळाली. क्लबात एक नियम होता: टोक लागलं की ज्याला लागलं त्यानंच हात वर करायचा. पुढं कितीतरी दिवस हात माझाच वर असायचा.

थंडीतल्या एका सकाळी समोर हवालदार होते. धुक्यात मी पुढं झेपावलो. हात पाण्यातून जावा तसा हलका गेला. काही लागल्याचं मला कळलंही नाही. पण हवालदार थांबले. त्यांनी हात वर केला.

"लागलं."

"कुठं? मला तर..."

त्यांनी खांद्याखाली बोट ठेवलं. "तुमाला दिसलं न्हाई. पर मला कळलं न्हवं?"

त्या दिवशी मी मुलांच्या सदऱ्यांच्या दोन बाह्या उलट्या जोडल्या.

दोन वर्षांनी हवालदार गावी परतले आणि क्लब बंद पडला. निघायच्या सकाळी आम्ही दोघं शेवटचं खेळलो. कोण जिंकलं ते आठवत नाही. मुखवटे काढून आम्ही एकमेकांना सलाम केला, आणि 'मास्तर' न म्हणता त्यांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.