वाढत्या अंगाचं कॅबिनेट

शिंपीकाकांनी जन्मभर पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले. हौसेने स्वतः कॉम्प्युटर जोडायला घेतला, तेव्हा दुकानात एकेक भाग टेपने मोजला आणि कॅबिनेट निवडलं ते थेट कपाटाएवढं.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अहो काका, मदरबोर्ड केवढासा आहे!"

"आत्ता केवढासा आहे," काका उखडले. "वर्षभरात घट्ट व्हायला लागलं, की उसवायला तुम्ही येणार का?"

घरी काकूंनी आधी डोळे वटारले. मग उरलेल्या जागेत निमूट उशा कोंबल्या.

वर्ष झालं तसं काकांनी झाकण उघडून मदरबोर्डचं माप घेतलं. सुताइतकाही फरक नव्हता. काका हिरमुसले.

काकू मात्र भडकल्या. "वीज खातोय बकाबका, पण मेल्याच्या अंगी काही लागेल तर शपथ!"