गर्दी तेवढी काढा

व्हिडिओ गेममधली शहरं रंगवण्यात तिचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं. सरकारने गेम कंपन्यांना करमाफी आणि अनुदान दिलं, तेव्हा मालकाचे पाय जमिनीवर ठरेनात. मग नवा गेम पाहायला एक सरकारी साहेब आले. त्यात तिने मंत्र्याच्या फाटकासमोर चिडलेली माणसं रंगवली होती.

"झकास! गर्दी तेवढी काढा," साहेब हसून म्हणाले.

तिने गर्दी पुसली.

पुढच्या खेपेला साहेब थेट तिच्या टेबलापाशी आले. "गर्दीची कल्पना तुमचीच ना, ताई? घरी कोण असतं?"

"आई असते."

"हो, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना दम लागतो त्यांना."

मालक खिडकीबाहेर पाहत राहिला. तिने त्याच आठवड्यात नोकरी सोडली, पण घर सोडून जाणार कुठे?